आरोग्याचा निधी आणि स्थानिक सभागृह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या सभांना मी बरीच वर्षे मागे बसून टिपणे घेत आलो आहे. गावातली, वॉर्डातली माणसे तेच तेच प्रश्न विचारतात आणि त्यांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : "निधी नाही." हे उत्तर नेहमीच खोटे नसते, पण अर्धवट मात्र जवळजवळ नेहमीच असते. कोणत्या लेखाशीर्षात (म्हणजे खर्चाच्या खात्यात) नाही, कोणत्या टप्प्यावर अडकला आहे आणि कोणाच्या सहीसाठी थांबला आहे, हे विचारले की गोष्टी उलगडू लागतात. खालची उत्तरे महाराष्ट्रापुरती आहेत.

आमच्या दवाखान्यात डॉक्टर नाही. जिल्हा परिषद सदस्याला धरायचे की आमदाराला?

आधी दवाखान्याची पाटी वाचा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे, आणि त्यांचा जिल्ह्यातला अधिकारी म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सरकारी रुग्णालय तिसऱ्याच, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. पुण्यात ससून रुग्णालयाच्या कारभारावरून नगरसेवकाला फैलावर घेणारे लोक मी पाहिले आहेत, पण ससून महापालिकेचे नाही. कमला नेहरू रुग्णालय महापालिकेचे आहे.

पाटी वाचूनही एक मेख उरते. प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत जिल्हा परिषदेची, आरोग्यसेविका जिल्हा परिषदेची, पण तिथला कायम वैद्यकीय अधिकारी राज्य शासन नेमते. त्यामुळे सभेत सदस्य कितीही तावातावाने बोलला तरी जिल्हा आरोग्य अधिकारी उठून एवढेच सांगू शकतो की रिक्त पदांची माहिती शासनाला कळवली आहे. त्या वाक्यावर चिडण्यापेक्षा पुढचा प्रश्न विचारावा : राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी डॉक्टर घेण्याची जाहिरात कधी काढली, आणि किती अर्ज आले? तो विषय जिल्ह्याच्या हातातला आहे.

घटनादुरुस्तीने आरोग्य हा विषय स्थानिक संस्थांना दिला ना? मग सगळे मुंबईवरून का ठरते?

१९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने अकरावी आणि बारावी अनुसूची आली. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखान्यांसह आरोग्य आणि स्वच्छता आहे. बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत सार्वजनिक आरोग्य आहे. पण हे अधिकार विधिमंडळ देऊ "शकते", दिलेच पाहिजेत असे घटना म्हणत नाही. सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे आणि तो तिथून हललेला नाही.

आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, म्हणजे घटनादुरुस्तीच्या तीस वर्षे आधी. त्याचा आपल्याला अभिमान असतो आणि तो रास्त आहे. पण केरळने नव्वदच्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रे थेट ग्रामपंचायतींच्या हाती दिली आणि नियोजनाच्या पैशाचा मोठा वाटा खाली सोडला. आपण जिल्ह्यापाशी थांबलो.

जिल्हा परिषदेकडे आरोग्यासाठी पैसा नेमका येतो कुठून?

एका तिजोरीतून नाही, हे पहिले लक्षात घ्या. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

मोठा वाटा शासनाच्या अनुदानाचा. कर्मचाऱ्यांचे पगार आणि राज्याच्या हस्तांतरित योजना त्यातून चालतात. राज्याच्या अर्थसंकल्पात आरोग्याचे मुख्य लेखाशीर्ष २२१०, बांधकामासारख्या भांडवली खर्चाचे ४२१०. या पैशावर सभागृहाचा हात जवळजवळ नसतो. तो येतो, ठरलेल्या कामाला लागतो, नाहीतर परत जातो.

दुसरा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा. केंद्र ६०, राज्य ४० या प्रमाणातला हा निधी जिल्ह्यात सोसायटीमार्फत फिरतो. आशांचा मोबदला, जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमातली मोफत ने-आण, कंत्राटी पदे यातली.

तिसरा जिल्हा नियोजन समितीचा, ज्याला अजूनही सगळे जण जुन्या सवयीने "डीपीडीसी" म्हणतात. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. आरोग्य केंद्रांची बांधकामे, दुरुस्ती, यंत्रसामग्री, औषधे यांच्या मागण्या इथे येतात, आणि खरी रस्सीखेच इथेच होते.

चौथा केंद्रीय वित्त आयोगाचा, त्याबद्दल पुढे.

आणि शेवटी स्वीय निधी, म्हणजे बोलीभाषेत "सेस". हा जिल्हा परिषदेचा स्वतःचा पैसा. सगळ्यांत छोटा, पण सभागृहात सगळ्यांत जास्त भांडण याच्यावरून, कारण इथेच सदस्यांच्या मताला किंमत असते. त्यातूनही आधी २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात. उरलेल्यातून बांधकाम, शिक्षण, कृषी, पशुसंवर्धन आणि आरोग्य. म्हणून आरोग्याच्या वाट्याला आलेला आकडा वाचून लोक हबकतात. जिल्ह्याचा सगळा आरोग्यखर्च तेवढाच आहे, अशी बातमीही मग छापून येते. ते चूक आहे.

एक साधे उदाहरण देता का?

रुग्णवाहिका. आरोग्य केंद्राच्या आवारात उभी असलेली १०२ ची गाडी घ्या. (१०८ वेगळी; ती राज्याची आपत्कालीन सेवा आहे.) गाडी एका निधीतून घेतलेली, चालक एजन्सीमार्फत दुसऱ्या निधीतून, गरोदर मातेला नेण्याचे डिझेल तिसऱ्यातून, आणि टायर कशातून बदलायचे यावर कोणाचेच एकमत नाही. एका जिल्हा परिषदेच्या सभेत मी या टायरांवर चाळीस मिनिटे चर्चा ऐकली आहे. सदस्याने मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला : पुढचे चाक बसलेले, बॉनेटवर कोंबडी. सभागृह हसले. मग मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले की हा खर्च "वाहन दुरुस्ती"त धरायचा की "आरोग्य आकस्मिक"मध्ये, आणि हसणे थांबले. गाडी तोवर दोन महिने उभी होती.

सभेत आरोग्याचा विषय नेहमी शेवटी का येतो?

नियमात तसे काही नाही. पण विषयपत्रिका बघा : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, त्यावरच तासभर, मग बांधकाम, पाणी, शाळाखोल्या, जेवणानंतर आरोग्य, आणि तोवर अर्धे सदस्य गाडीत बसलेले.

त्यामागे थोडे राजकारणही आहे. पदवाटपात ज्याच्यासाठी चुरस लागते ते बांधकाम व अर्थ सभापतिपद. आरोग्य बहुतेक ठिकाणी शिक्षणाला जोडलेले असते, आणि शिक्षकांच्या बदल्या हा विषय इतका मोठा की आरोग्य त्याच्या सावलीत जाते. आरोग्य समितीच्या बैठकीत मात्र चांगले बोलणे होते. तिथे वर्तमानपत्रवाले नसतात, म्हणूनही असेल.

नवी इमारत होते, पण जुन्या केंद्रात विंचूदंशाचे औषध नसते. असे का?

इमारतीला कोनशिला बसते, औषधाच्या बाटलीला नाही. हे कुत्सित वाटेल, पण सभागृहात बसलात तर पटेल. शिवाय भांडवली काम एकदा मंजूर झाले की ठेकेदार, अभियंता, सदस्य, सगळे पाठपुरावा करतात. औषधसाठ्याचा पाठपुरावा करणारा एकटा औषधनिर्माण अधिकारी.

नियम दोन्ही बाजूंनी बोलतात. सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. उपकेंद्रासाठी हेच आकडे ५,००० आणि ३,०००. लोकसंख्या वाढली की नव्या केंद्राची मागणी नियमातच बसते, त्यामुळे ती पुढे सरकते. पण केंद्राला मंजुरी आणि त्यातल्या पदांना मंजुरी हे दोन वेगळे प्रस्ताव आहेत, आणि दुसऱ्यावर वित्त विभाग बसलेला असतो. रंगवलेली, कुलूपबंद उपकेंद्रे या दोन प्रस्तावांच्या मधल्या काळात उभी असतात.

औषधखरेदी हा स्वतंत्र विषय आहे. २०२३ च्या कायद्याने राज्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. मोठी खरेदी त्यामार्फत. पुरवठा लांबला तर स्थानिक खरेदीची वाट असते, पण ती मर्यादित आणि लेखापरीक्षणाच्या धाकाखालची. सभेत "औषधे का नाहीत?" असे विचारू नका. "मागणी कोणत्या तारखेला नोंदवली, आणि पुरवठा न झाल्याचे पत्र केव्हा घेतले?" असे विचारा.

वित्त आयोगाचे पैसे ग्रामपंचायतीला थेट येतात, मग त्यातून दवाखाना का सुधारत नाही?

१५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात राज्यात हा निधी ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १० आणि जिल्हा परिषद १० टक्के असा वाटला गेला. ग्रामीण संस्थांच्या मूळ अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता : निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. अबंधित ४० टक्क्यांतून पगार आणि आस्थापना खर्च चालत नव्हता. म्हणजे खाटा घेता येत होत्या, नर्स ठेवता येत नव्हती.

पण बंधित निधी आरोग्याचा नाही असे समजू नका. गावात अतिसाराची साथ येते ती गळक्या जलवाहिनीतून. पाण्याच्या टाकीची साफसफाई, क्लोरिनचा साठा, गटारे ही कामे दवाखान्याच्या आधीचा दवाखाना आहेत, आणि ती ग्रामपंचायतीच्या हातात आहेत.

याच आयोगाने स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी देशभरात ७०,०५१ कोटी रुपयांचे वेगळे अनुदान सुचवले. इमारत नसलेली उपकेंद्रे, तपासणीच्या सोयी, तालुका पातळीवरचे सार्वजनिक आरोग्य युनिट, शहरी आरोग्यवर्धिनी केंद्रे अशी त्याची खाती होती. शहरात भाड्याच्या गाळ्यात दवाखाना उघडलेला दिसला तर तो बहुधा याच पैशातला.

पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांसाठी आणखी एक वाट आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो, आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हे त्याच्या ठरलेल्या बाबींपैकी आहेत. तिथली ग्रामसभा जागी असेल तर बऱ्याच गोष्टी होतात.

पैसा आला तरी मार्चमध्ये परत का जातो?

कारण तरतूद म्हणजे रोकड नव्हे. तरतुदीनंतर प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, काम, मोजमाप, देयक. यातली कोणतीही पायरी एका बदलीने किंवा एका आचारसंहितेने दोन महिने थांबते. जुलैत शासनाकडून निधीचा पहिला हप्ता, ऑगस्टमध्ये यादीवरून सदस्यांत वाद, सप्टेंबरमध्ये यादी बदलली, डिसेंबरमध्ये निविदा, आणि फेब्रुवारीत ठेकेदार म्हणतो की दर परवडत नाही. मग ३१ मार्चच्या रात्री कोषागारात दिवे जळत असतात.

जिल्हा परिषदेला शासकीय निधी खर्च करायला दोन वर्षे मिळतात, इतर खात्यांसारखे एकच नाही. ही सवलत चांगली, पण तिने आळसही वाढवला आहे. मागच्या वर्षीचा अखर्चित निधी शिल्लक असताना नवा मागायला गेलात की नियोजन समितीत पहिला प्रश्न त्याचाच येतो, आणि यायलाच हवा. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत न दिल्याने पुढचा हप्ता अडकणे, हे तर नेहमीचेच.

म्हणून "आरोग्याला किती कोटी?" या बातमीपेक्षा "गेल्या वर्षीचे किती टक्के खर्च झाले?" हा आकडा मला जास्त बोलका वाटतो.

स्थानिक सभागृह आरोग्यावर कायदा करू शकते का?

कायदा नाही. ठराव करू शकते, आणि कायद्याने दिलेल्या चौकटीत उपविधी, म्हणजे स्थानिक नियम, करू शकते; त्यालाही शासनाची मंजुरी लागते. कचरा, उघड्यावर थुंकणे, डासांची उत्पत्ती, असे विषय उपविधीत बसतात. डॉक्टरांच्या नेमणुकीचे नियम किंवा खासगी रुग्णालयांचे दर बसत नाहीत. अधिकाराबाहेरचा ठराव शासन स्थगित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. महापालिकांसाठी हा अधिकार अधिनियमाच्या कलम ४५१ मध्ये आहे.

तरी ठरावाला कमी लेखू नये. तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींनी एकाच मागणीचे ठराव करून आमदाराच्या हाती दिले, तर अधिवेशनात लक्षवेधी (मंत्र्याकडून उत्तर मागणारी सूचना) लावायला त्याला कागद मिळतो. नुसत्या निवेदनावर लक्षवेधी उभी राहत नाही. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या आणि मार्चचा अर्थसंकल्प, या दोन खिडक्या आहेत. आणि एक कमी बोलली जाणारी गोष्ट : विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागांचे मतदार स्थानिक संस्थांचे सदस्यच असतात. आपल्या नगरसेवकाला त्याच्या त्या आमदाराचे नाव विचारून बघा.

महापालिकेत चित्र वेगळे असते का?

बरेच. महापालिकेला स्वतःचे उत्पन्न असते, आणि कायद्यात कर्तव्यांचे बंधनकारक आणि ऐच्छिक असे दोन भाग असतात. सार्वजनिक दवाखाने आणि लसीकरण बंधनकारक भागात येतात. मुंबई महापालिका तर १९२१ च्या नायर आणि १९२६ च्या केईएमसारखी रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालयांसह चालवते. तिचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. लहान नगरपरिषदेशी तिची तुलना करू नये.

प्रक्रिया अशी : आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती फेरफार करते, मग सर्वसाधारण सभा. उपसूचना इथे येतात. माझा अनुभव असा की उपसूचनेत वॉर्डातल्या कमानी आणि ओपन जिमसाठी पैसे वळवताना हात सैल असतो, आणि ते वळवलेले पैसे कुठून काढले हे कोणी मोठ्याने वाचत नाही. ते वाचायला लावा. पुनर्विनियोजनाचे, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवण्याचे प्रस्तावही वर्षभर येत असतात, आणि ते बरेचदा विषयपत्रिकेत आधी नसलेल्या, ऐनवेळच्या विषयांत असतात.

निवडणुकाच झाल्या नव्हत्या तेव्हा हे सगळे कोण ठरवत होते?

प्रशासक. २०२२ च्या सुमारास मुदत संपलेल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांत आयुक्त किंवा मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचे आदेश दिले, आणि त्यानंतरही काही काळ हे लांबले. काही अधिकाऱ्यांनी या काळात झटपट कामे केली, हे मान्य, पण "हा निर्णय का?" असे विचारायला सभागृह नव्हते, आणि इतिवृत्त म्हणजे कार्यालयीन टिपणी झाली होती.

साथ आली तर निधीचे नियम शिथिल होतात का?

काही अंशी. साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगमुळे आलेला. कोविडमध्ये तोच वापरला. आपत्ती व्यवस्थापनाखाली जिल्हाधिकाऱ्यांना तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळतात. पण तातडीत घेतलेल्या यंत्राच्या देखभालीचा करार नंतर कोणाच्या खात्यात टाकायचा, हा प्रश्न साथ ओसरल्यावर येतो. धूळ खात पडलेले व्हेंटिलेटर त्याचेच.

गावपातळीवर आमच्या हातात काय आहे?

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. राष्ट्रीय अभियानाने तिच्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठरवला. रक्कम किरकोळ आहे, पण तिचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो आणि त्यातून सवय लागते. बहुतेक गावांत या समितीचे सदस्य कोण, हेच सदस्यांना माहीत नसते. आशाताईंना विचारा, त्यांना माहीत असते.

वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. ग्रामपंचायत विकास आराखड्यात आरोग्याचे काम लिहून घेतले नाही तर नंतर कितीही आरडाओरडा करा, ऑनलाइन आराखड्यात नसलेल्या कामावर खर्च टाकता येत नाही.

कागद कसे मिळवायचे?

अर्थसंकल्पाची पुस्तिका, सभेचे इतिवृत्त आणि अखर्चित निधीचा गोषवारा, हे तीन मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार बरेच काही आपणहून जाहीर असायला हवे. नसेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून भाषण लिहू नका. "२०२४-२५ मध्ये आरोग्य विभागाला मंजूर, प्राप्त आणि खर्च झालेली रक्कम, लेखाशीर्षनिहाय" एवढे पुरते.

राज्याने आरोग्यावर किती खर्च करावा, याचे काही प्रमाण आहे का?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) २.५ टक्के, आणि राज्यांचा आरोग्यखर्च २०२० पर्यंत त्यांच्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त असावा असे म्हटले. १५ व्या वित्त आयोगानेही ८ टक्क्यांचेच सांगितले, आणि त्यातला दोन तृतीयांश प्राथमिक आरोग्यावर असावा असे जोडले. हे बंधन नाही, उद्दिष्ट आहे. सभेत आकडा म्हणून चांगला वाजतो, यापलीकडे जिल्ह्यात त्याचा उपयोग कमी.

मागणी घेऊन कोणाकडे आणि केव्हा जावे?

मार्चमध्ये नाही. तेव्हा पुस्तिका छापायला गेलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तालुका आरोग्य अधिकारी पुढच्या वर्षीच्या मागण्या वर पाठवतात. तेव्हा जा, आणि सोबत सदस्याला न्या. एका पानाचे पत्र, एकच काम, केंद्राचे नाव, अंदाजे खर्च, आणि हे काम कोणत्या निधीत बसते ते. पत्रावर आवक क्रमांक घ्या. जानेवारीत अर्थ समितीच्या बैठकीआधी तोच क्रमांक घेऊन मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, शक्यतो सकाळी साडेदहाला. दुपारनंतर साहेब व्हीसीवर (व्हिडिओ बैठकीत) असतात.